नऊ बाय पाचचे मीटरकाका

माणसाला मित्र असावेत आणि ते कलावंत असले तर फारच उत्तम. फक्त त्यांतल्या एकाचाही जन्म दुकानांच्या पाट्या रंगवण्यात गेलेला नसावा. हे ज्ञान मीटरकाकांना त्यांच्या पासष्टाव्या वाढदिवशी, बुधवारी सकाळी साडेनऊ वाजता झालं. त्या वेळी ते बनियनवर होते आणि खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.

“दुसरा मजला! मीटरकाका कोण? माल आलाय!”

काकांनी खिडकीतून डोकं काढलं. “कसला माल? आम्ही काही मागवलं नाही.”

“मागवलं नसेल, पण आलंय ना! उतरवून घ्या लवकर, मला पुढे सिमेंट टाकायचंय.”

काका शर्टाची बटणं लावत खाली उतरले. माल म्हणजे दोन चादरी जोडून शिवलेल्या खोळीतलं काहीतरी होतं. डबल बेड आडवा उभा केला तर जेवढा दिसेल तेवढं. टेम्पोवाल्याने ते जिन्याखालच्या भिंतीला टेकवलं, एक चिठ्ठी काकांच्या हातात कोंबली आणि तो सिमेंटच्या मागे निघून गेला.

चिठ्ठीवरची अक्षरं इंचभर जाड होती आणि प्रत्येक अक्षराला खाली सावली काढलेली होती. ‘वाढदिवसाची भेट. रविवारी अकरा वाजता लागलेली बघायला येतो. तोवर येणार नाही. पेंटर व बाई.’ त्याखाली बारीक, नेटक्या अक्षरात एक ओळ: ‘ओल्या फडक्याने पुसू नये.’

ही दोन अक्षरं म्हणजे काकांचे जगातले दोन मित्र. पेंटर पाट्या रंगवायचा. तो अक्षरं आधी काढायला शिकला आणि वाचायला नंतर, त्यामुळे अजूनही तो कुठलाही शब्द वाचण्याआधी डोळा बारीक करून तो सरळ आहे का ते बघतो. ड्रॉइंगबाई शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. काका पाणीखात्यात मीटर वाचायचे, आणि चौतीस वर्षं या दोघांचे मीटर त्यांच्याच वहीत होते. ओळख व्हायला तेवढं पुरतं. काही लोकांची तर त्याहून कमी ओळखीवर लग्नं होतात.

आता ‘तोवर येणार नाही’ याचा अर्थ. पाटीवाल्यांच्या धंद्यात एक रीत असते: पाटी चढत असताना ती रंगवणाऱ्याने तिथे उभं राहू नये. तो प्रत्येक खिळ्यागणिक ओरडतो आणि खिळा ठोकणारा स्वतःचा अंगठा ठोकून घेतो. म्हणून पाटी पुढे पाठवायची, आणि लागली की जाऊन बघायची. पेंटरने चाळीस वर्षं हे व्रत पाळलं होतं.

काकांनी खोळीची दोरी सोडली. चादर खाली पडली, आणि काका तिथेच, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसले.

पासष्ट वर्षांत कोणी त्यांचं चित्र काढलं नव्हतं. फोटो निघाले होते, पण ते नसते निघाले तर बरं. ओळखपत्रावरच्या फोटोत ते नुकत्याच पकडलेल्या इसमासारखे दिसत. आणि इथे नऊ फूट रुंद नि पाच फूट उंच जांभळ्या आभाळात एक अजस्र काळं जनावर पंख पसरून उडत होतं. त्याच्या तोंडातून ज्वाळा निघत होत्या, आणि पाठीवर ताठ बसले होते मीटरकाका! मिशा वाऱ्यावर. खांद्यावरची खाकी पिशवी राजाच्या अंगवस्त्रासारखी मागे फडफडते आहे. एका हातात टॉर्च, आणि त्या टॉर्चच्या उजेडाने ढगाची दोन शकलं झालेली. दुसऱ्या हातात ढालीसारखी धरलेली मीटरची वही. खाली ढगांवर वसलेलं शहर, मनोऱ्यांऐवजी पाण्याच्या टाक्या, आणि नळाशी बादल्या घेऊन उभी असलेली इवली इवली माणसं माना वर करून बघताहेत.

काका पुढे सरकले. जनावराचा डावा कान फाटका होता. तो कान त्यांनी ओळखला.

“अगं, खाली ये!” त्यांनी वर हाक मारली. “हा बंगल्यातला काळ्या आहे!”

काळ्या हा एका बंगल्यातला कुत्रा. मीटरच्या खड्ड्याचं झाकण ही त्याची झोपायची जागा. अकरा वर्षं काका त्या बंगल्यापुढे वहीत लिहीत आले होते: ‘शेरा: कुत्रा. रीडिंग घेता आले नाही.’ सातव्या वर्षी त्यांनी धीर केला, तेव्हा काळ्याने त्यांच्या पँटचा तळहाताएवढा तुकडा ठेवून घेतला. ही हकीकत काकांनी पेंटरला आणि बाईंना चहावर इतक्या वेळा सांगितली होती की दर खेपेला कुत्रा वीतभर वाढायचा. त्या दोघांनी त्याला शेवटी पंख लावून टाकले होते. आणि काकांचा दुखरा डावा गुडघा किंचित उचललेला होता, अगदी ते बसतात तसा. ते बाईंनी हेरलेलं.

काकू खाली आल्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी बराच वेळ चित्र बघितलं.

“याला पंख कशाला?” त्या म्हणाल्या. “बिनपंखांचा होता तेव्हाच तुमची पँट फाडली मेल्याने.”

“पण मी कसा दिसतोय?”

“मिशी छान काढलीय,” काकू म्हणाल्या. मग जरा थांबून, “बसलायत पण ऐटीत.” पस्तीस वर्षांच्या संसारात काकूंनी केलेली ही दुसरी स्तुती. पहिली फडताळाच्या कडीबद्दल होती.

“आणि हे काय खाली?” त्यांनी बोट दाखवलं.

चित्राच्या तळाशी पिवळी पट्टी होती आणि तिच्यावर सावलीदार लाल अक्षरांत लिहिलेलं होतं: ‘आमची कोठेही शाखा नाही.’

काका हसले. इतके हसले की तळमजल्यावरचा शिंपी कात्री हातात घेऊन बाहेर आला. त्याचं काय, की अक्षराशिवाय पाटी म्हणजे पेंटरला डोळ्यांशिवायचा चेहरा. त्याचा हात पट्टी मोकळी सोडूच शकत नव्हता.

त्या हाताचीच तर गोष्ट होती. छापील फलक आल्यापासून पेंटरकडे काम येईनासं झालं होतं, आणि वर्षभरात त्याचा हातही थरथरायला लागला होता. चहाचा कप तो दोन्ही हातांनी धरायचा आणि “आज चहा फार गरम आहे” म्हणायचा. मागच्या महिन्यात बाई काकांना बाजूला घेऊन म्हणाल्या होत्या, “एक मोठं काम करायचं म्हणतोय तो, हात आहे तोवर. कदाचित शेवटचंच.” कसलं काम, ते काकांनी विचारलं नव्हतं. आता ते समोर उभं होतं. म्हणजे रविवारी अकरा वाजता हे चित्र बाहेरच्या खोलीत भिंतीवर लागलेलं दिसलंच पाहिजे. ‘मावलं नाही’ हे शब्द पेंटरच्या कानावर जाता कामा नयेत.

“जिन्यातून जाणार नाही,” शिंपी म्हणाला. त्याने नजरेने माप घेतलं होतं आणि शिंप्याची नजर कधी चुकत नाही. म्हणूनच काकांना त्याचा राग आला.

“जाईल. आडवं करून नेऊ.”

आडवं करून नेलं. पहिल्या मजल्याच्या वळणावर चित्राचं एक टोक छताला लागलं, दुसरं कठड्यात गेलं आणि मधला भाग भिंतीला चिकटला. ते पुढे जाईना, मागे येईना. काका वरच्या बाजूला अडकले, शिंपी खालच्या. एरवी आरशातसुद्धा दाढीपुरतंच बघणाऱ्या काकांना पाऊण तास स्वतःकडे नाकाला नाक लावून बघावं लागलं. आपली डावी मिशी उजवीपेक्षा लांब आहे, हा शोध त्यांना तिथेच लागला.

मग सल्ले सुरू झाले. सल्ल्याला जिना लागत नाही, तो कुठूनही येतो.

“मधोमध कापा,” खालून शिंपी म्हणाला. “मी सांगतो कुठे. शिवण कुत्र्याच्या पोटाखालून घेऊ, जन्मात कोणाला कळणार नाही.”

“पत्रा आहे तो! शिवतोस कसा?”

“रिवेट मारू. हल्ली फॅशन आहे.”

तिसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाई ड्युटीला निघाल्या होत्या. त्यांनी घड्याळ बघितलं, चित्र बघितलं, आणि पर्स छातीशी धरून जनावराच्या पोटाखालून सरपटत पलीकडे गेल्या. “काका, तुमचा रंग जरा फिकट काढलाय,” जाता जाता त्या म्हणाल्या. “रक्त तपासून घ्या.”

शेवटी सगळ्यांनी मिळून चित्र जसं वर नेलं होतं तसंच खाली आणलं. वर नेताना लागली होती वीस मिनिटं, आणताना दीड तास. पतन सोपं असतं असं म्हणणाऱ्याने कधी जिन्यातून पाटी उतरवलेली नसावी.

गुरुवारी सकाळी सेक्रेटरी आले. इमारतीच्या सेक्रेटरींची उंची बेताची, पण नियमांची वही काखेत असली की ते पायरीवर उभे असल्यासारखे वाटत.

“सामाईक जागेत वैयक्तिक वस्तू,” ते म्हणाले. “नियम अकरा. आणि वस्तू भीतिदायक आहे.”

“भीतिदायक? माझं चित्र आहे ते.”

“मी जनावराबद्दल बोलतोय.”

“मग खिडकीतून वर घेतो. दोराने. माणसं लावतो.”

“इमारतीच्या बाहेरील बाजूने वस्तू नेण्यास अर्ज लागतो. तीन प्रतींत. प्रयोजनासह.”

काकांनी जेवणाच्या टेबलावर बसून तीन अर्ज लिहिले. ‘प्रयोजन’ या रकान्याशी ते थांबले. खूप विचार केला आणि शेवटी खरं ते लिहिलं: ‘आनंद.’

सेक्रेटरींनी चष्मा वर केला. “आनंद हे प्रयोजन होत नाही.”

“मग काय होतं?”

“दुरुस्ती, देखभाल, स्थलांतर. यांतलं एक घ्या.”

“स्थलांतर,” काका पडेल आवाजात म्हणाले. सेक्रेटरींनी आनंदावर लाल रेघ मारली आणि तीनही प्रतींवर शिक्का उठवला.

शुक्रवारी दोन हमाल आले, एक म्हातारा आणि एक त्याहून म्हातारा. काकांनी आदल्या संध्याकाळीच खिडकीचे गज काढून ठेवले होते. दोर गच्चीवरून सोडला, चित्र बांधलं, आणि पंखवाला काळ्या काकांना पाठीवर घेऊन खरोखरच हवेत उडाला. रस्त्यावरचे लोक थांबले, एका सायकलवाल्याने टाळ्यासुद्धा वाजवल्या. काका दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत हात पसरून उभे होते. जगात पहिल्यांदाच माणूस स्वतःलाच घरात घ्यायला असा उभा राहिला असेल.

चित्र खिडकीपाशी आलं आणि थांबलं.

इथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चौतीस वर्षं ज्या माणसाने पाणी दशांश चिन्हापर्यंत मोजलं, त्याने चित्र मोजलं होतं, आतली भिंत मोजली होती, दोर किती लागेल तेही मोजलं होतं. खिडकी मोजली नव्हती. खिडकी रोजच्या बघण्यातली, तिला काय मोजायचं? ती साडेतीन फूट बाय तीन फूट होती. चित्राची कमीत कमी बाजू पाच फूट.

“तिरपं करा!” काका ओरडले.

“तिरपं केलं तरी पाचाचं तीन कसं होणार, मालक?” वरून त्याहून म्हातारा ओरडला.

“काकूंना विचारा,” खालून शिंप्याने सल्ला दिला. “त्या पाचाचं तीन करतात. गेल्या दिवाळीचे पडदे मी शिवलेत, शिलाई देताना बघितलंय.”

हमालांना दुसरीकडे कपाट चढवायचं होतं. ते दोर धरून किती वेळ उभे राहणार? दोन खिडक्यांच्या खाली सिमेंटची एक पट्टी होती, तिच्यावर त्यांनी चित्र टेकवलं आणि दोन्हीकडच्या लोखंडी कड्यांना तारेने आवळून बांधलं. “तात्पुरतं,” काका म्हणाले. चित्र दोन खिडक्यांच्या मधल्या भिंतीवर बसलं, ना बोटभर इकडे, ना बोटभर तिकडे.

“मापाचंच केलंय की,” म्हातारा हमाल म्हणाला. पण काकांचं लक्ष नव्हतं. ते खिडकीत डोकं धरून बसले होते.

“काही बिघडत नाही,” काकू म्हणाल्या. “पावसाळ्यात भिंत ओलावते, ती तरी वाचेल.”

बिघडायला संध्याकाळपासून सुरुवात झाली. रस्त्यावरून जाणारा माणूस वर बघायचा, त्याला सावलीदार अक्षरं दिसायची आणि तो समजायचा, नवीन दुकान निघालं. सहा वाजता पहिली बेल वाजली. दारात एक गृहस्थ, हातात साखळी आणि साखळीला पांढरा केसाळ कुत्रा.

“हा कोणाचं ऐकत नाही,” गृहस्थ म्हणाले. “तुम्ही एवढा मोठा वळवलात, याला किती दिवस लागतील?”

ते गेले तोवर एक बाई आल्या. त्यांच्या नळाला पाणी चढत नव्हतं. त्यांच्यामागे एक ढोल वाजवणारा, त्याला सर्कशीत काम हवं होतं. शनिवारी सकाळी एका शाळेचा शिपाई आला आणि सहलीला मुलांमागे किती पडतील ते विचारून गेला. काकांनी प्रत्येकाला सांगितलं, इथे काही मिळत नाही. प्रत्येकाने विचारलं, मग पाटी कशाला? आणि प्रत्येक जण जाताना त्यांच्याकडे, मग चित्राकडे, मग परत त्यांच्याकडे असा बघायचा. त्या बघण्यात जी तुलना होती तिने काका खचत चालले. संध्याकाळपर्यंत चित्रातल्या माणसाबद्दल त्यांच्या मनात थोडं वैर आलं होतं.

पण त्याआधी, शनिवारीच दहा वाजता, नगरपालिकेच्या परवाना विभागाचे निरीक्षक आले होते. बारीक माणूस, खिशाला तीन पेनं. ते वर आले नाहीत, खालूनच म्हणाले, “विनापरवाना फलक. कार्यालयात या. आज अर्धा दिवस आहे.”

परवाना विभाग नगरपालिकेच्या तिसऱ्या मजल्यावर, आणि पाणीखातं त्याच इमारतीत तळमजल्यावर होतं. चौतीस वर्षांत काका तिसऱ्या मजल्यावर कधी चढले नव्हते. वर चढल्यावर त्यांना कळलं की वरसुद्धा खालच्यासारखीच टेबलं आहेत. त्यांना उगाच वाईट वाटलं.

“व्यवसाय?” निरीक्षकांनी फॉर्म ओढला.

“निवृत्त.”

“फलकावरचा व्यवसाय विचारतोय. काय विकता?”

“काही नाही.”

“सेवा देता?”

“नाही हो. मित्रांनी भेट दिली. माझंच चित्र आहे, मी कुत्र्यावर बसलेला.”

निरीक्षकांनी पेन खाली ठेवलं. “आमच्याकडे तीन प्रकारचे फलक आहेत. व्यापारी, दिशादर्शक आणि अभिनंदनपर. कुत्र्यावर बसण्याचा प्रकार नाही.”

“अभिनंदनपर धरा की. माझा वाढदिवस होता.”

“धरला असता. पण खाली लिहिलंय, ‘आमची कोठेही शाखा नाही’. शाखा नाही म्हणजे मुख्य कार्यालय आहे. मुख्य कार्यालय आहे म्हणजे व्यवसाय आहे. आणि तो तुम्ही लपवताय.”

यात कुठेतरी चूक होती, पण ती काकांना सापडेना.

“नियम वाचून दाखवतो,” निरीक्षक म्हणाले आणि त्यांनी पुस्तिका उघडली. “‘फलक म्हणजे इमारतीच्या दर्शनी भागावरील, मजकूर असलेली कोणतीही पाटी.’ उद्या दुपारी बारा वाजता शिडी घेऊन येतो. तोवर उतरवलात तर ठीक, नाहीतर आम्ही उतरवू.”

“उद्या रविवार आहे.”

“विनापरवाना फलक रविवारीच लागतात. म्हणून आम्ही रविवारीच फिरतो.”

काका घरी आले आणि जेवले नाहीत. अकराला मित्र येणार, बाराला शिडी येणार. पेंटरच्या डोळ्यांदेखत त्याचं शेवटचं काम दोरीने खाली ओढणार.

“खरं ते सांगून टाका,” काकू म्हणाल्या. “मावलं नाही म्हणावं. मित्रच आहेत, व्याही नाहीत.”

“त्याला काय वाटेल?”

“तुम्हाला काय वाटतं ते आधी सांगा. आवडलंय ना चित्र?”

काकांनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाले, “कालपासून लाज वाटतेय, पण आवडलंय. खूप आवडलंय. दर तासाला जाऊन खिडकीतून वाकून बघतो. तिरकं दिसतं, तरी बघतो.”

“मग तेच सांगा,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी ताट पुढे सरकवलं.

रविवारी पावणेअकरालाच काका इस्त्रीचा शर्ट घालून बसले. अकरा वाजले. बेल वाजली नाही. सव्वाअकरा झाले. काकूंनी खिडकीतून बघितलं. “अहो, ते बघा. समोर उभे आहेत.”

रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर पेंटर उभा होता. मान तिरकी, एक डोळा मिटलेला, अंगठा पुढे धरलेला. शेजारी छत्री टेकून ड्रॉइंगबाई. काका पायांत मिळेल ती चप्पल अडकवून धावत खाली गेले.

“पेंटर, ऐक, मी सांगतो,” ते धापा टाकत म्हणाले.

“थांब. हलू नकोस, मधे येतोस.” पेंटरने अंगठा खाली घेतला. त्याचे डोळे भरले होते. “बसली बघ! म्हटलं होतं ना बाई, सूतभर फरक पडणार नाही.”

“बसली कसली? घरात मावली नाही! जिन्यात अडकली, खिडकीतून गेली नाही. म्हणून बाहेर टांगलीय.”

पेंटरने त्यांच्याकडे, वेड लागलेल्या माणसाकडे बघावं तसं बघितलं. “घरात? पाटी घरात लावतात का कोणी? तीन रविवार या फुटपाथवर उभा राहून मी खिडकी ते खिडकी माप घेतलं, लेका. बाहेरचं!”

“मी याला शंभरदा सांगितलं,” बाई म्हणाल्या, “की हे चित्र आहे, पाटी नव्हे. चित्र खोलीत असतं.”

“खोलीत कोण बघणार? हा आणि वहिनी! चौतीस वर्षं हा लोकांच्या दारात गेला. लोकांनी मीटर बघितलं, याच्याकडे कोणी मान वर करून बघितलं नाही. म्हटलं, आता बघू देत.”

परवाच्या कुत्रेवाल्यापासून शिपायापर्यंत सगळे काकांना आठवले. बघितलं होतं खरं. सगळ्यांनी मान वर करून बघितलं होतं.

बोलण्यात बारा वाजले आणि शिडी आली. शिडीमागून निरीक्षक आले, निरीक्षकांमागून वही काखेत घेऊन सेक्रेटरी, आणि कात्री घेऊन शिंपी, कारण जिथे काही उतरवतात तिथे शिंप्याला यावंच लागतं.

“फलक उतरवलेला नाही,” निरीक्षक म्हणाले.

“फलक म्हणजे काय?” पेंटरने विचारलं.

निरीक्षकांनी पुस्तिका उघडून परत वाचलं. “मजकूर असलेली कोणतीही पाटी.”

“आणि मजकूर म्हणजे?”

“‘मजकूर म्हणजे अक्षरे, शब्द किंवा वाक्ये.’ पान चार.”

“म्हणजे ती एक ओळ गेली की हा फलक नाही?”

निरीक्षकांनी पान उलटलं, सुलटलं. “नाही म्हणता येईल.”

पेंटरने पिशवीतून रंगाच्या डब्या आणि ब्रश काढला. तो लग्नाला जातानाही ब्रश घेऊन जातो.

“नको,” काकांनी त्याचा हात धरला. “तुझी अक्षरं आहेत ती. मी चित्र उतरवून घेतो, कुठेतरी ठेवतो, पण अक्षरं पुसू नकोस.”

“अक्षरं मी हजार दुकानांवर लिहिली,” पेंटर म्हणाला. “चेहरा एकच काढला.”

“चेहरा मी काढला,” बाई म्हणाल्या. “तू रंगवलास.”

“रंगवला. मग कोणाला वाचवू, सांगा.”

आणि तो निरीक्षकांच्याच शिडीवर चढला. खाली काकांनी शिडी घट्ट धरली. पेंटरचा ब्रश धरलेला हात थरथरत होता, ते सगळ्यांना दिसलं. पत्र्याला टेकला तेव्हाही थोडा थरथरला, आणि पहिला फटकारा पट्टीच्या बाहेर जांभळ्या आभाळात गेला.

“राहू दे!” बाई खालून म्हणाल्या. “ढग झाला. बरा दिसतो तिथे.”

मग हात बसला. एकेक लाल अक्षर पिवळ्याखाली गेलं. पट्टी कोरी झाली. सगळ्यांनी श्वास सोडला, पण पेंटर खाली उतरेना. तो कोऱ्या पट्टीकडे बघत राहिला. बाईंनी कपाळाला हात लावला. “झालं. आता त्याला झोप येणार नाही.”

“साहेब!” पेंटर वरून ओरडला. “आकडे चालतात का?”

निरीक्षकांनी पान चार पुन्हा वाचलं. पान पाचही वाचलं. “आकड्यांबद्दल काही लिहिलेलं नाही.”

पेंटरने पट्टीच्या मधोमध लाल रंगात एक गोल काढला. गोलात पाच चौकोन. काका खालून बघत होते. पहिल्या चौकोनात शून्य आलं. दुसऱ्यात, तिसऱ्यात शून्य. चौथ्यात सहा. पाचव्यात पाच. आकडे जरासे वाकडे होते, पण मीटरचे आकडे कधी सरळ नसतातच.

“पासष्ट,” काका सवयीने मोठ्याने म्हणाले. “रीडिंग बरोबर आहे.”

निरीक्षकांनी आपल्या कागदावर लिहिलं, ‘फलक आढळला नाही’, आणि शिडी मागितली. जाताना त्यांनी हळूच विचारलं, “कुत्रा खरा होता का?” काकांनी पँट वर करून पोटरीवरचा व्रण दाखवला.

सेक्रेटरी मात्र हलले नव्हते. “बाहेरील भिंतीवर चित्र. तुमच्या अर्जात प्रयोजन ‘स्थलांतर’ आहे.”

“झालं ना स्थलांतर,” वरच्या खिडकीतून काकू म्हणाल्या. “खालून वर आलं. आता चहाला या सगळे, की त्यालाही तीन प्रती लागतात?”

वर चहा झाला. पेंटरने दोन्ही हातांनी कप धरला आणि या वेळी चहा गरम असल्याचं सांगितलं नाही.

“पुढच्या वर्षी येऊन पाचाचा सहा करावा लागेल,” तो म्हणाला.

“आणि मग दर वर्षी?” काकूंनी विचारलं.

“मग काय, मीटर बंद ठेवायचं?”

“तुझा हात?” बाईंनी विचारलं.

“नाचतील थोडे आकडे. याला वाचता येतील. याने शेवाळ्याखालचे वाचलेत.”

सगळे गेल्यावर काकांनी फडताळातून जुनी मीटरची वही काढली. निवृत्त होताना एक कोरी वही त्यांनी चुकून घरी आणली होती, म्हणजे चुकून असं ते म्हणत. पहिल्या पानावर त्यांनी तारीख घातली. रीडिंग: ६५. मीटर: चालू. ‘शेरा’ या रकान्याशी ते थांबले. मग खिडकीतून वाकून त्यांनी एकदा तिरक्या काळ्याकडे बघितलं आणि नेटक्या अक्षरात लिहिलं:

‘कुत्रा आहे. रीडिंग घेतले.’